इथे ओटा

"रेखा भोईर यांच्या निधनाने मराठी किशोरविश्वात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे." रेखा गेल्याची बातमी मला या वाक्यातून कळली. आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांनी ते सकाळी सकाळी संस्थेच्या ग्रुपवर टाकलं होतं. खाली जोडलेले हात, फुलं, पणती. तिच्या भावाचा फोन त्यानंतर आला. मी गॅस बंद केला, खुर्चीत बसले, ते वाक्य पुन्हा वाचलं आणि मला आधी हसू आलं. या बाईने आयुष्यभर पानापानावर पोकळी निर्माण केली, आणि याच अध्यक्षांनी दर महिन्याला ती भरून काढायचा प्रयत्न केला. आता त्यांनीच हा जुना वाद एका वाक्यात तिच्या बाजूने निकालात काढला होता. हे तिला ताबडतोब सांगायला हवं म्हणून मी फोन हातात घेतला. तिचा नंबर सगळ्यात वर होता... मग रडू आलं.

रेखा किशोरवयीन मुलांसाठीच्या आमच्या मासिकाची पानं लावायची. अंकात 'मांडणी व सजावट' असं छापून पुढे तिचं नाव येई. 'सजावट'वर ती काट मारायची आणि पुढच्या अंकात तो शब्द परत यायचा. मासिक संस्थेचं. भिवंडीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या शाळांमध्ये सातवी ते नववीच्या वर्गांत ते जातं. मी मराठी शिकवायचे म्हणून त्याचं संपादकपद माझ्या गळ्यात पडलं, आणि निवृत्तीनंतरही ते काढून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. मासिकाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. संस्थापकांनी ते इतकं संस्कृत ठेवलंय की मुलं त्याला नुसतं 'ते' म्हणतात. "बाई, 'ते' आलं का?"

रेखा आमच्या शाळेत चित्रकला शिकवायला आली तेव्हा 'ते' बघण्यासारखं होतं. प्रत्येक पानाला वेलबुट्टीची चौकट. चौकटीच्या कोपऱ्यात शेपूट फुलवून बसलेली खार. प्रत्येक लेखाची सुरुवात 'बालमित्रांनो' अशी, आणि लेख संपून जागा उरली की तिथे 'पाणी हेच जीवन' किंवा 'वेळेचे महत्त्व ओळखा'. रिकामी जागा सापडली की तिच्यावर संस्कार करायचे, असा नियमच होता. मी नव्या बाईंना कौतुकाने अंक दाखवला. मुंबईच्या कलाशाळेतून शिकून आलेली, जवळच्याच खारबाव गावची मुलगी. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली आणि विचारलं, "बाई, ही खार कोणाची हाय?"

"म्हणजे?"

"न्हाय, सगळ्या पानांवर बसलीय. पोरगं नववीत आलं, मिशी फुटायला लागली, तरी खार काय त्याला सोडत न्हाय."

तिचं शुद्ध मराठी माझ्यापेक्षा चांगलं होतं. पण जे बोलणं लागावं असं वाटे ते ती गावच्या बोलीत बोलायची. नाव रेखा, आणि पानावर रेघ दिसली की तिच्या कपाळावर आठी. चौकटी गेल्या, खार गेली. 'बालमित्रांनो' काढायला मात्र मला वेळ लागला. ते मीच लिहीत असे आणि मला ते प्रेमळ वाटे. "तेरा वर्षांच्या पोराला बाल म्हणायचं आणि वर मित्र म्हणायचं," ती म्हणाली. "दोन्ही खोटं. एका शब्दात दोन थापा मारल्यावर पुढचं तो कशाला वाचेल?"

दुपारच्या सुट्टीत आम्ही शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर डबा खायला बसायचो. "बाई, तुमी जरा तिकडे तोंड करा, मी सुकट खाते," असं म्हणून ती डबा उघडायची, आणि मी तिकडे तोंड करून तिचं मासिकशास्त्र ऐकायचे. या वयाची पोरं मासिक शेवटच्या पानापासून वाचतात, म्हणून सगळ्यात चांगली गोष्ट शेवटी छापायची. संपादकीय पहिल्या पानावर खुशाल ठेवावं, तिथे ते सुरक्षित आहे. अक्षर फार मोठं केलं की पोरांना वाटतं आपल्याला लहान समजतात, फार बारीक केलं की पाठ्यपुस्तकाचा वास येतो. ती आधी चित्राखालची ओळ वाचतात, मग ठरवतात की बाकीचं वाचायचं की नाही. हसऱ्या मुलामुलींचे फोटो नकोत. "आपल्या वर्गात असं कोण हसतं? हसलं तर तुमी बाहेर काढता." आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पानाला ओटा पाहिजे.

मी भिवंडी शहरातली. माझ्या लेखी ओटा म्हणजे गॅसचा. पानावर त्याचं काय काम ते मला कळेना. तिने समजावलं. खारबावला त्यांच्या घरासमोर ओटा होता, शेणाने सारवलेला, नंतर कोबा केलेला. दुपारी तिथे कुणीही येऊन बसायचं. शेजारची पोरं, मासळी विकून परतणारी बाई, वाट चुकलेला एखादा. तिची आई कुणाला आत या म्हणायची नाही आणि काय काम आहे असंही विचारायची नाही. ज्याला बसायचं तो बसे, उठायचं तो उठे, आणि तहान लागली की आपणहून आत येऊन पाणी मागे. "ह्या वयाचं पोर तसं असतं, बाई. 'ये ये' केलं की पळतं. गप बसू दिलं की आत येतं. म्हणून पानावर बसायला जागा ठेवायची, आणि तिथे आपण काय बी बोलायचं न्हाय."

हा ओटा मोजायची तिची पद्धत सोपी होती. कच्च्या पानावर डावा हात पालथा ठेवायचा आणि त्याच्याभोवती पेन्सिल फिरवायची. तेवढी जागा कोरी. कधी वरच्या कोपऱ्यात, कधी मजकुराच्या मधोमध. मी विचारलं, हातच का? तर म्हणाली, वाचताना पोराने हात ठेवायचा कुठे? अक्षरावर?

अध्यक्षांना हे कधीच पटलं नाही. अंक छापायला जाण्याआधी ते नजर टाकायला येत आणि त्यांची नजर बरोबर त्या कोऱ्या जागेवर पडे. "बाई, इथे एखादा सुविचार छान बसेल."

"बसेल ना, साहेब," रेखा म्हणायची. "मग उठणार न्हाय. तीच भीती हाय."

आमची पानं संगणकावर लावायचा अन्वर. त्याचं दुकान पहिल्या मजल्यावर, आणि खाली यंत्रमागाचा कारखाना. लूम चालू असले की वरचं टेबल थरथरायचं. अन्वरचं म्हणणं असं की त्यामुळेच त्याची ओळ कधी सरळ येत नाही. रेखाचं म्हणणं, लूमवर सरळ कापड निघतं, ओळ का निघत नाही? दोघांची दिवसभर अशी जुगलबंदी चाले, अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत. एकदा रेखा तापाने घरी होती. तिची कच्ची पानं मीच अन्वरकडे पोचवली. हाताच्या आकाराच्या पेन्सिलच्या रेघेत तिने लिहून ठेवलं होतं, 'इथे ओटा'. सूचना होती, की ही जागा सोड. अन्वरने विचारलं, "मॅडम, ये ओटा मतलब?" मी घाईत म्हटलं, रेखाबाईंनी लिहिलंय तसंच ठेव. त्याने तसंच ठेवलं. अंक छापून आला. एका गंभीर विज्ञानलेखाच्या मधोमध भली मोठी कोरी जागा, आणि तिच्या कोपऱ्यात, नेटक्या टायपात, 'इथे ओटा'.

अध्यक्षांनी तातडीची सभा घेतली. मी तापात असलेल्या रेखाला फोन करून सांगितलं, तर पलीकडून आधी खोकला ऐकू आला आणि मग इतका वेळ हसू, की तिच्या आईने फोन काढून घेतला. पण शाळांमधून वेगळीच बातमी येऊ लागली. मुलांना वाटलं, हे कोडं आहे. शहरातल्या मुलांनी त्या जागेत गॅसची शेगडी काढली, वर कुकर, कुकरला शिट्टी. गावाकडच्या मुलांनी ओट्यावर माणसं बसवली. कोणी कुत्रा. गणेशपुरीकडच्या एका शाळेतल्या मुलीने फक्त दोन चपला काढल्या होत्या. ओट्याखाली काढून ठेवलेल्या, म्हणजे कोणीतरी आत गेलंय. रेखाने ते पान कितीतरी वेळ हातात धरून ठेवलं. "बाई, हिला कळलं," एवढंच म्हणाली. तेव्हापासून 'इथे ओटा' दर अंकात आला. अध्यक्षांनी पुढे वार्षिक अहवालात 'संस्थेचा अभिनव उपक्रम' म्हणून त्याचं श्रेय संस्थेकडे घेतलं. अन्वर म्हणायचा की श्रेय खरं तर त्याचं, कारण त्याला मराठी कमी येतं.

ती चुकायचीही, आणि चुकली की मोठ्याने चुकायची. एका पावसाळी अंकात तिने सगळी पानं काळी करून वर पांढरी अक्षरं घेतली. दिसायला काय सुंदर! पण हवा दमट, शाई वाळेना. मुलांचे पांढरे शर्ट, हात, नाक, सगळं काळं झालं. पालक शाळेत आले. रेखा त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. ते गेल्यावर मला म्हणाली, "शर्टाचं सोडा. धुतील. पण काळ्यावर पोरांचं पेन चालत न्हाय हो, बाई. मी त्यांचा ओटाच बंद केला." तिला खरोखर वाईट वाटलं होतं. त्या दिवशी सुकट तशीच डब्यात राहिली.

तिच्या लेखी अंक किती खपला याला अर्थ नव्हता. शाळांच्या वाचनालयांतून ती जुने अंक परत मागवायची, आणि तेही खराब झालेलेच. वाचनालयाच्या बाई स्वच्छ प्रती पुढे करायच्या, ही म्हणायची, "हे न्हाय, मळलेलं दाखवा." मग आम्ही दोघी पायऱ्यांवर बसून ते बघायचो. कोणी लेखकाच्या फोटोला दाढी काढलेली. कोणी कोऱ्या जागेत आवडत्या मुलीचं नाव लिहून ते गिरवून गिरवून खोडलेलं, इतकं की पलीकडच्या पानावर उमटलं होतं. एका पानावर फक्त 'मला गणित येत नाही' असं, आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'मला पण'. रेखा म्हणायची, ज्या पानावर पोरांनी काहीच केलं नाही ते मेलेलं पान. शिक्षक म्हणून आम्ही दोघीही वर्गात 'पुस्तकं स्वच्छ ठेवा' सांगत असू. मी ते मनापासून सांगायचे. तिने ते कसं सांगितलं असेल कोण जाणे.

खारबावच्या त्यांच्या घराचा ओटा मी एकदाच पाहिला, आणि पुढच्या वेळी गेले तेव्हा तो नव्हता. शेताची जागा गोदामाला गेली होती, भावाने बंगला बांधला होता, पुढे फाटक, फाटकाच्या आत चकचकीत फरशी आणि गाडी. भाऊ प्रेमळ माणूस. बहिणीने लग्न केलं नाही म्हणून वरची सगळ्यात हवेशीर खोली त्याने तिला दिली होती. मी फाटकापाशी जरा थांबले. माझ्या मनात काय आलं ते रेखाला कळलं असावं. "आत या, बाई," ती म्हणाली, आणि मग हसली. "आता बोलवायला लागतं."

मग तिला पोटाचं दुखणं लागलं. ते काय होतं ते कळलं तेव्हा डॉक्टर आमच्याकडे न बघता बोलू लागले होते. ठाण्याला उपचार. मी बहुतेक वेळा सोबत जायचे. वाटेत कशेळीला आमची रिक्षा अडकायची, पुढे-मागे सगळे कंटेनर, गोदामांचे ट्रक. रेखा मान टेकून ट्रकांच्या पाठी वाचत बसायची. "हे बघा," एकदा म्हणाली, "मधे एकच ओळ आणि बाजूला सगळं मोकळं. ह्याला कळतं. आणि तो बघा, नावं, देव, लिंबू, नंबर, सगळं कोंबलंय. तो अध्यक्षांचा ट्रक हाय." रिक्षावाल्यालाही हसू आलं, अध्यक्ष कोण हे माहीत नसताना. परतताना ती उलटीसाठी पिशवी हातात धरून डोळे मिटून बसायची आणि मी मोठमोठ्याने पाट्या वाचून दाखवायचे, काहीतरी बोलत राहायचं म्हणून.

पानं लावणं तिने सोडलं नाही. भाऊ ती अन्वरकडे पोचवायचा. एके दिवशी मी दुकानात गेले तर अन्वरने कच्चं पान समोर ठेवलं. खाली लूम चालू होते. मग म्हणाला, "मॅडम, इस बार ओटा छोटा आया है."

मी पाहिलं. पेन्सिलची रेघ थरथरलेली. बोटं बारीक, मधल्या फटी रुंद, मनगटाशी तर काहीच नाही. मलाही दिसलं होतं, आदल्या महिन्याच्या पानातच दिसलं होतं. पण ते कुणी शब्दांत सांगितलं नव्हतं.

"बडा कर दूँ क्या?" अन्वरने विचारलं. "उनको पता नहीं चलेगा."

"पता चलेगा," मी म्हटलं. तो तसाच छापला.

शेवटचं भेटणं खारबावला, त्या हवेशीर खोलीत. तिला उशीवर जरा वर बसवलं होतं. नवा अंक मी दाखवायला नेला होता. तिने तो शेवटच्या पानापासून चाळला, मुलांसारखा, आणि लहान ओट्यावर हात ठेवून पाहिला. बरोबर बसला. तिने अंक मिटून उशीशी ठेवला. मग म्हणाली, "बाई, एक सांगू? रागवू नका."

"बोल."

"मी गेले की अध्यक्ष पान काढतील. काळी चौकट, मधे गोल फोटो, खाली पणती." दम खाऊन म्हणाली, "श्रद्धांजलीचं पान पोरं वाचत न्हायत. मी बघितलंय. अंगठ्याने पलटतात, फोटो कोणाचा ते बी बघत न्हायत. त्यांची काय चूक? चौकट दिसली की त्यांना कळतं, इथे आपलं काय काम न्हाय." माझा हात तिने धरला होता. तिच्या हाताला वजनच नव्हतं. "एवढी वर्षं मी पोरांना थांबवायला बघत होते... मना त्यांना पलटू देऊ नका, बाई."

मी 'नाही देणार' म्हटलं. अशा वेळी माणूस काहीही म्हणतो. पण हे मी खरं म्हटलं होतं.

ती गेल्यावर तिने सांगितलं तस्संच झालं. अध्यक्षांनी पान स्वतः आखून पाठवलं. काळी चौकट, वर लंबगोलात तिचा ओळखपत्रावरचा फोटो, पणती, त्यांचे तीन परिच्छेद आणि खाली सर्व विश्वस्तांची नावं. पणतीशेजारी, कुठून सापडली देव जाणे, ती खार होती. मी आणि अन्वर ते पान बघत बसलो. अन्वर म्हणाला, "दीदी होती तो गाली देती." मी म्हटलं, नुसती गाली नाही.

भांडून काही होणार नाही हे मला माहीत होतं. भांडायचं काम रेखाचं होतं, मी संपादन करते. अध्यक्षांकडे गेले आणि म्हटलं, साहेब, तुमचं पहिलं वाक्य फार ताकदीचं आहे. इतकं की त्याच्या आसपास दुसरं काही ठेवलं तर त्याचं वजन कमी होतं. पुढचे परिच्छेद, फोटो, नावं, हे सगळं वार्षिक अहवालात घेऊ, तिथे जाणकार वाचतील. इथे ते एकच वाक्य, सगळ्यात वर. त्यांनी आपलं वाक्य पुन्हा वाचलं. "खाली काय?" म्हणाले. मी म्हटलं, खाली काहीच नको, साहेब. वाक्याचा अर्थ ठसला पाहिजे. "पोकळी," ते हळूच म्हणाले आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. तेही तिला एवढी वर्षं ओळखत होते, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

तर ते पान असं निघालं. वर अध्यक्षांचं वाक्य. तळाला, चित्राखाली असावी तशी बारीक ओळ: 'तुमच्या अंकाची पानं रेखा भोईर लावायच्या. त्यांच्याशिवाय लावलेला हा पहिला अंक.' मधे सगळी कोरी जागा आणि कोपऱ्यात दोन शब्द, 'इथे ओटा'. ओटा किती मोठा घ्यायचा हे अन्वरने मला विचारलं नाही. जुन्या फायलींतून त्याने तिच्या हाताचा आकार काढला, ती धडधाकट असतानाचा, आणि तेवढी जागा राखून मजकूर वर आणि खाली सारला. पान छापायला देताना त्याने स्वतःचा हात पडद्यावर ठेवून पाहिला. ओटा त्याच्या हातापेक्षा मोठा होता.

अंक शाळांत गेला. मला झोप लागेना. कोरं पान उघडून मुलं क्षणभर बघतील आणि अंगठ्याने पलटतील, असंच डोळ्यांसमोर येई. शेवटी एका दुपारी मी आमच्याच शाळेच्या वाचनालयात गेले. नव्या बाईंनी कौतुकाने स्वच्छ प्रत पुढे केली. मी म्हटलं, "हे नाही. मळलेलं दाखवा." त्यांनी खालच्या कप्प्यातून एक काढून दिलं. मी ते घेऊन मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले, उजव्या बाजूला जागा सोडून. ती नेहमी तिथे बसायची. आणि शेवटच्या पानापासून उलटत आले.

कधीही भरून न येणारी पोकळी भरलेली होती. कुणी दोघांनी तिथे फुली-गोळा खेळला होता. गोळा जिंकला.